भाताचं कोठार रिकामं कसं करावं

तुमच्या हाती कधी एखादा सुपीक देश लागलाच, तर गांगरू नका. पंचवीस वर्षांत त्याचं वाटोळं होऊ शकतं. ब्रह्मदेशाच्या जनरल ने विन यांनी ते करून दाखवलंय.

काम सोपं नव्हतं बरं का. आपल्याला मंडाले म्हटलं की टिळकांचा तुरुंग आठवतो, पण दुसऱ्या महायुद्धाआधी हाच देश वर्षाला तीसेक लाख टन तांदूळ परदेशी पाठवायचा, जगात सगळ्यांत जास्त. तेव्हा १९६२ मध्ये सत्ता बळकावल्यावर वेळ दवडू नका. बँका घ्या, तांदळाचा व्यापार घ्या, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकानसुद्धा सरकारजमा करा. ती चालवणाऱ्या भारतीयांना लाखोंनी मायदेशी धाडा. भात सरकारी भावानेच विकायचा, आणि तो भाव एवढा पाडायचा की शेतकऱ्याने घरापुरतंच पिकवावं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निर्यात दहा लाख टनांच्याही खाली आली.

शेजारचा थायलंड मात्र नाक खुपसणार. तोच भात, तेच सागवान, तोच थेरवाद बौद्ध धर्म. ‘तिथे लोकशाही होती’ असं सांगून सुटू नका. तिथेही बंडांमागून बंडं आणि जनरलांमागून जनरल. त्यांतला लष्करशहा सरित थनरत तर काही साधुपुरुष नव्हता. मेल्यावर त्याच्या मायेचा पसारा बाहेर आला, तेव्हा लोक चाट पडले. पण या गड्याने जागतिक बँकेचं ऐकलं, रस्ते बांधले आणि दुकानदाराला दुकान चालवू दिलं. स्वतः खाल्लं, दुसऱ्यालाही कमवू दिलं. ही चूक तुम्ही करू नका.

उरलेल्या वेळात थोडी गंमत करा. १९७० मध्ये एका फर्मानाने वाहतूक डावीकडून उजवीकडे न्या, गाड्या मात्र जुन्याच ठेवा, म्हणजे बसमधून उतरणारा प्रवासी थेट भर रस्त्यात उतरेल. मग १९८७ च्या सप्टेंबरात २५, ३५ आणि ७५ च्या नोटा बाद करा. बदलूनही देऊ नका. त्याऐवजी ४५ आणि ९० च्या छापा, कारण दोन्हींना ९ ने भाग जातो आणि ९ तुमचा लाडका. (भाजीवाल्याने सुटे कसे द्यायचे, हा त्याचा प्रश्न.)

त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांकडून ‘सर्वांत कमी विकसित देश’ हा दाखलाही मिळतो. फक्त अर्ज तुम्हालाच करावा लागतो.