मॅडम, लोन हवंय का?

सकाळपासून हा चौथा फोन. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, तेवढ्यात, "मॅडम, ५ लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड लोन!" अहो, मागितलंय कुणी?

आणि २०१६ च्या नोव्हेंबरात कुठे होतात? ८ तारखेला रात्री ५०० आणि १०००च्या नोटा बाद झाल्या आणि आमची आई डाळीच्या डब्यातल्या ५००च्या ९ नोटा काढून बसली. घड्या पडलेल्या, हळदीचा वास येणाऱ्या. हाच तो काळा पैसा! स्वतःचेच ४,५०० बदलायला सकाळपासून रांग, वर बोटाला शाई. मग गुलाबी २,०००ची नोट आली, भाजीवाला सुटे देईना. २०२३ मध्ये तीही परत मागवली. झालं समाधान?

तेव्हा आमचेच पैसे आम्हाला मोजून देत होते, आता दुसऱ्याचे घ्या म्हणून हात धुऊन मागे लागलेत. मोबाइल हप्त्यावर, मिक्सर हप्त्यावर, गोव्याची ट्रिपसुद्धा हप्त्यावर! 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणे. मग खाली मुंगीएवढ्या अक्षरात प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कशाचा? आमच्या भाच्याचा एक हप्ता चुकला, तर वसुलीवाल्याचा फोन थेट मला! मी काय जामीन होते?

थांबा, पुन्हा वाजला. शिट्ट्या किती झाल्या हो?