‘राउटर असताना फायरवॉल कशाला?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: दोन तासांचं काम सांगून संध्याकाळपर्यंत नेट बंद ठेवलं, फायरवॉल (नेट आणि ऑफिस यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारा बॉक्स) बसल्यापासून स्पीड पडला, मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत, घरून टॅली चालत नाही, आणि वर दरवर्षी रिन्यूअलचे पैसे. राउटर होताच, मग हा बॉक्स माथी मारला. तुमचं ऑफिस कुठलं हे इथे कळू देणार नाही. पण नाशकात शरणपूर रोडपासून अंबडपर्यंत हेच प्रश्न आम्हाला विचारले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचं. दोन तास हे बॉक्स रॅकमध्ये बसवून, वॅन-लॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या आणि ऑफिसातल्या) केबल जोडून नियम टाकण्याचे. जुन्या वायरिंगचा वेळ वेगळा लागेल, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे. प्रोव्हायडरचा राउटर ब्रिज मोडला, म्हणजे लाइन नुसती पुढे देण्यावर, टाकावा लागतो, नाहीतर तोही नॅट (आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल) करतो आणि फायरवॉलही करतो, आणि बाहेरून ऑफिसात येण्याचा सुरक्षित रस्ता, म्हणजे व्हीपीएन, मधेच अडकतो. ब्रिजला टाकलं की लाइनचा युजर आयडी-पासवर्ड फायरवॉलमध्ये भरायचा. तो तुमच्याकडे नव्हता. शिवाय लाइन जुन्या राउटरच्या ओळख क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेली होती, प्रोव्हायडरने तो सोडल्याशिवाय नवीन बॉक्सला लाइन मिळत नाही. त्यांच्या फोनची वाट बघण्यात दुपार गेली.

लाइन उठली, तरी अकाउंट्सच्या बाजूला नेट येईना. आमच्या मुलाने फॉल्स सीलिंगची पाटी सरकवून केबल हाताने मागे मागे तपासत नेली. प्रोव्हायडरच्या राउटरमधून दुसरी एक केबल परस्पर अकाउंट्सच्या टेबलाखालच्या आठ पोर्टच्या स्विचला (एका केबलवर अनेक कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याला) गेली होती. ना तिच्यावर लेबल, ना ती कुठल्या नकाशात. राउटर होता तसा ठेवून, त्याच्या एका पोर्टला फायरवॉल लावून निघून गेलो असतो, तर त्या दिवशी नेट दोन तासांत चालू झालं असतं. सगळे खूश झाले असते, आणि तुमचा टॅलीचा सर्व्हर फायरवॉलच्या बाहेरच राहिला असता. आता ती केबल काढली आहे आणि अकाउंट्सचा स्विच मुख्य स्विचवर आणला आहे. संध्याकाळ झाली ती त्यामुळे, आणि पुन्हा करायचं असेल तरी मी असंच करेन.

स्पीडबद्दल. लॅपटॉप थेट स्विचला केबलने लावून तुमच्यासमोर टेस्ट केली, तेव्हा प्लॅनएवढा स्पीड मिळाला होता. कमी दिसतो तो वाय-फायवरच्या मोबाइलमध्ये, आणि तुमचं म्हणणं तिथे बरोबर आहे. आधी फोन प्रोव्हायडरच्या राउटरच्या वाय-फायवर होते. ते वाय-फाय फायरवॉलच्या बाहेर पडतं, म्हणून बंद केलं. आता फोन जुन्या छोट्या वाय-फाय राउटरवर आहेत आणि त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, त्याच्यापुढे तो जाऊच शकत नाही. कोटेशनमध्ये वाय-फाय देणारा, त्याहून वेगवान गिगाबिटचा अ‍ॅक्सेस पॉइंट होता, तो तुम्ही खर्च कमी करायला काढायला लावलात. तो निर्णय तुमचा, मला त्यावर वाद घालायचा नाही. फक्त दोष फायरवॉलचा नाही, एवढं नोंदवतो.

आता कॅमेरे आणि टॅली. हे बंद पडलेलं नाही, आम्ही जाणूनबुजून बंद केलेलं आहे, आणि का ते मला मनापासून सांगायचं आहे. जुन्या राउटरवर दोन पोर्ट (केबलचे नव्हे, नेटवरून आत येण्याचे नंबर दिलेले दरवाजे) जगाला उघडे होते: एक डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, दुसरा ३३८९, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा. घरून टॅली चालायची ती त्यातून. आज दोन्ही बंद आहेत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. बंद करण्याआधी मी तुम्हाला सर्व्हरवरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला होता. ४६२५ नंबरच्या नोंदींची रांग होती. ४६२५ म्हणजे चुकलेलं लॉगिन. ऑफिसला कुलूप असताना, मध्यरात्री कुणीतरी एकामागून एक नावं लावून बघत होतं: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, युजर, अकाउंट्स. तुमच्याकडच्या एका लॉगिनचं नाव त्यातच होतं, फक्त पासवर्ड अजून जुळला नव्हता. पोर्टचा नंबर बदलूनही उपयोग नसतो, स्कॅनर सगळे पोर्ट चाळतात. डीव्हीआरचं तेच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या मूळ पासवर्डवरूनच ताब्यात घेतले होते, आणि तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड आम्ही आलो तेव्हा कंपनीचाच होता. २० तारखेला जीएसटीचा जीएसटीआर-३बी रिटर्न भरायचा आणि टॅलीचा डेटा फोल्डर कुणीतरी लॉक करून पैसे मागतोय, ही वेळ माझ्या कुठल्याच ग्राहकावर येऊ नये असं मला वाटतं.

त्याऐवजी व्हीपीएन दिलं आहे. अ‍ॅप उघडायचं, पासवर्ड आणि ओटीपी टाकायचा, मग टॅलीही चालते आणि कॅमेरेही दिसतात. तुमच्या लॅपटॉपवर ते बसवून दिलं. अकाउंट्सच्या मॅडमचा घरचा लॅपटॉप त्या दिवशी आला नव्हता आणि तुमचा मोबाइल तुम्ही मीटिंगला घेऊन गेलात, म्हणून ती दोन राहिली. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

रिन्यूअल बॉक्सचं नसतं, बॉक्स तुमच्याच नावावर रजिस्टर आहे. पैसे असतात ते हल्ल्यांच्या खुणा, व्हायरस आणि धोकादायक साइट्सच्या रोज बदलणाऱ्या याद्यांचे. लायसन्स संपलं तरी तुमच्या मॉडेलवर नेट चालू राहतं, पण याद्या त्या तारखेला थांबतात. आणि ‘राउटर होताच’ याबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग (सिस्टीमवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. तुमचा जुना राउटर लाइट गेली की सगळा लॉग विसरायचा. आता तो लॉग एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर, जातो.

तुम्ही लिहिलंय की पोर्ट पुन्हा उघडून द्या, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊ. अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप सीलबंद पाकिटात तुमच्याकडेच आहे, तुम्ही कुणालाही बोलवू शकता, आम्ही काही अडवून ठेवलेलं नाही. पण ३३८९ आमच्या हातून उघडला जाणार नाही, त्यासाठी एक स्टार राहिला तरी चालेल.

येत्या रविवारी सकाळी मी स्वतः येतो. डेमोचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणतो, आठवडाभर लावून बघा, पटला तर ठेवा. कुणाला तरी ऑफिस उघडायला सांगा, मॅडमना घरचा लॅपटॉप चार्जरसकट आणायला सांगा, आणि तुमचा मोबाइल अर्धा तास माझ्याकडे लागेल.