आज फास्ट आहे का?

ठाण्यात राहून चार लोकांत वट ठेवायची असेल, तर मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ करायच्या फंदात पडू नका. लांबलचक शब्दाला बहुधा अर्थ एकच असतो आणि तो चुकला की माणूस जागच्या जागी पकडला जातो. लहान शब्दाला ही भीती नाही. टीचभर शब्द तोंडातून सोडून द्यायचा आणि अर्थ लावायचं काम समोरच्याच्या गळ्यात घालायचं. चुकलाच तर तो चुकला.

हा माझा शोध नाही, याला थेट ऑक्सफर्डचा पाठिंबा आहे. त्यांच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात जास्त जागा अडवली होती ती ‘सेट’ने. ४०० हून जास्त अर्थ! आपल्याकडे दही सेट होतं, केस सेट होतात, पुण्याला नोकरी लागलेला भाचा सेट होतो आणि मोत्यांचा सेट त्याच्या लग्नात निघतो. हे सगळं बिनबोभाट चालतं. पुढे ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थ काढून सेटला मागे टाकलं. एवढे रन कसोटीच्या एका डावातसुद्धा क्वचितच होतात.

नवशिक्यांनी सुरुवात ‘फास्ट’पासून करावी. गेल्या संकष्टीला ऑफिसात पोचलो तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, “तुमचा आज फास्ट ना?”

“कसला फास्ट! स्लो मिळाली. मुलुंड, नाहूर, भांडुप, सगळी तीर्थक्षेत्रं करत आलो.”

उपाशीपोटी माणूस बरळतोय असं समजून त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा माझ्यापुढे सरकवला. वर दाण्याचं कूट, बाजूला लिंबाची फोड. अशा वेळी खुलासे करत बसू नये. खावं. मी सकाळी पोहे खाऊन निघालो होतो, हे इथे सांगायची काही गरज नाही.

कुणी फारच खोलात शिरलं तर त्याला गप्प करायला एक हत्यार जवळ ठेवा. हे दोन्ही फास्ट मुळात सख्खे भाऊ आहेत. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का. नियम घट्ट धरून ठेवला तो उपास झाला आणि नेट लावून पळाला तो वेगवान झाला. सकाळच्या गर्दीत दारातल्या दांड्याला लोंबकळून दादरपर्यंत गेलेल्या ठाणेकराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘सेल’ जरा जपून वापरा. इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं असतं, देवनागरीने तोही आधार काढून घेतलाय. बायकोचा फोन आला, “सेल संपलाय वाटतं, येताना बघ जरा.” मी आज्ञाधारकपणे गोखले रोडवरून फेरी मारली आणि दोन कुर्ते घेऊन घरी आलो. “संपला नाहीये, रविवारपर्यंत आहे,” हे मी दारातूनच आनंदाने सांगितलं. टीव्हीचा रिमोट रात्रभर मुकाच होता. बायकोही.

त्यातला रिमोटचा, तुरुंगाचा आणि शरीराचा सेल मात्र एकाच घराण्यातले. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहानशी खोली. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यात एवढेएवढे कप्पे दिसले, म्हणून त्याने त्यांना सेल म्हटलं. घोडबंदर रोडला त्याच आकाराला वन बीएचके म्हणतात आणि त्याचाही सेल लागतो.

आपली मराठी काही कमी नाही. ‘वार’ म्हणजे दिवस, वार म्हणजे घाव आणि नऊवारीतलं मापही तेच. पण वार म्हटल्याने कुणावर छाप पडत नाही, म्हणून तो धडा सोडून देऊ.

शेवटचा आणि सगळ्यात नाजूक शब्द ‘ऑफ’. कपड्यांवर पन्नास टक्के ऑफ, पंखा ऑफ, मंगळवारी दुकान ऑफ आणि कुणाचे आजोबा गेले की तेही ऑफ. हा शब्द कानावर पडला की चेहरा कोरा ठेवून नुसतं “ओह” म्हणायचं. ओह दुःखालाही चालतं आणि सवलतीलाही. माझ्याकडून तेवढंही झालं नाही. वाशीच्या एका ऑफिसात तीन महिने अडकलेल्या फायलीसाठी फोन लावला होता.

“साहेब आहेत का?”

“साहेब ऑफ झाले.”

माझा आवाजच बसला. “अरे देवा! कधी?”

“मगाशीच, साडेपाचला.”

“मनाला पटतच नाही हो. परवाच तर बोललो त्यांच्याशी. घरी कोण कोण असतं त्यांच्या?”

पलीकडे जरा वेळ शांतता.

“ते काय मला माहीत नाही. सोमवारी येतील, तेव्हा त्यांनाच विचारा.”