खुलासा : ‘लहान मुलं भीती विसरून जातात’ हे खरं नाही

‘पाच-सहा वर्षांच्या पोरांना काही आठवत नाही, त्यांच्यापुढे विषयच काढू नका,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. मेंदूतला भीतीची नोंद ठेवणारा अमिग्डाला हा भाग लहानपणीच कामाला लागतो. घडलेलं नीट सांगता येणं मागाहून येतं. मूल बोलत नाही म्हणजे विसरलं, असं नव्हे. खोदून विचारू नका, पण त्यानं विचारलं तर गप्पही बसवू नका.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. गणपती बोळवून गाव माळवदाखाली झोपलं होतं. मी सहा वर्षांची होते. तारीख नंतर कळली. तोंडातली माती मात्र माझ्या आठवणीतली आहे. अजूनही जड ट्रक गेला, मांडणीवरची भांडी थरथरली, की पाय आधी दाराकडे धावतात.