निळ्या जेन्शियनची जात खडकावरून ठरत नाही

आल्प्सच्या कुरणांत बर्फ वितळल्यानंतर उमलणाऱ्या मोठ्या, कर्ण्याच्या आकाराच्या निळ्या जेन्शियनबद्दल एक ठोकताळा गिर्यारोहकांत आणि छायाचित्रकारांत सर्रास फिरत असतो. त्यानुसार या फुलांच्या जाती दोनच आहेत. पायाखाली चुनखडक असेल तर ती जेन्शियाना क्लुसी आणि ग्रॅनाइटसारखा सिलिकायुक्त खडक असेल तर जेन्शियाना अकौलिस. शंका उरलीच तर फुलाच्या घशात, म्हणजे नळीच्या आतल्या बाजूस, डोकवावे. हिरवे ठिपके दिसले तर अकौलिस, न दिसले तर क्लुसी. निळ्याची छटा आणि देठाची लांबी पाहून उरलीसुरली खात्री करून घ्यावी, आणि या सगळ्यासाठी वरून काढलेला एक स्वच्छ फोटो पुरतो, असेही सांगितले जाते. यातले बहुतेक सांगणे अर्धे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच त्यावरून लावलेले चुकीचे नाव सहसा कुणाला खटकत नाही.

दोनच जाती असल्याचे विधान मात्र अर्धेही खरे नाही. या गटात सर्वसाधारणपणे सात जाती मानल्या जातात : अकौलिस आणि क्लुसी यांच्याखेरीज अल्पिना, अँगस्टिफोलिया, ऑक्सिडेंटॅलिस, लिगुस्टिका आणि डिनारिका. नैऋत्य आल्प्समध्ये चुनखडकावर अँगस्टिफोलिया वाढते, पश्चिम पिरेनीजमध्ये ऑक्सिडेंटॅलिस, तर बाल्कनच्या डिनारिक रांगांत डिनारिका. यांपैकी कुठल्याही ठिकाणी ‘चुनखडक म्हणजे क्लुसी’ हा नियम लावला, तर उत्तर चुकण्याचीच शक्यता जास्त. उलट बाजूनेही तेच होते, कारण लहान, फिकट हिरव्या, रुंदट पानांची आणि जवळजवळ जमिनीलाच चिकटून फुलणारी अल्पिना हीसुद्धा सिलिकायुक्त जमिनीचीच रहिवासी आहे. ठोकताळा मांडणाऱ्याने मध्य किंवा पूर्व आल्प्स डोळ्यांसमोर ठेवले असावेत. पण सांगताना ती मर्यादा गळून पडते आणि सल्ला सगळ्या युरोपभर लागू होतो.

खडकाचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा, कारण त्याला जुना आणि भक्कम आधार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर यांनी 1836 मध्ये आल्प्समधल्या टिरोल प्रांताच्या ईशान्य भागातील वनस्पतींच्या आधारे जमिनीचा वनस्पतींच्या वाटणीवर होणारा परिणाम दाखवून दिला, आणि एकमेकींच्या जवळच्या दोन जाती चुनखडक व सिलिकायुक्त खडक असे क्षेत्र वाटून घेतात, ही कल्पना तेव्हापासून आल्प्सच्या अभ्यासात रुजली. क्लुसी आणि अकौलिस ही त्या वाटणीची नेहमी दिली जाणारी जोडी आहे. परंतु वनस्पतीचा संबंध येतो तो मुळांभोवतीच्या मातीशी, नकाशावर रंगवलेल्या खडकाशी नव्हे. सपाट किंवा मंद उताराच्या जागी पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी मातीच्या वरच्या थरातील चुना हळूहळू धुऊन नेते. थंडीमुळे पालापाचोळा नीट कुजत नाही, आणि अर्धवट कुजलेल्या आम्लधर्मी मातीचा जाड थर चुनखडकाच्या माथ्यावर साचतो. अशा थरावर अकौलिस सुखाने वाढते, आणि तेथून जवळच, जिथे उतार तीव्र होऊन उघडा खडक वर आला आहे, तिथे क्लुसी उभी असू शकते. याउलट, सिलिकायुक्त डोंगरातही चुन्याचे पट्टे असतात आणि त्यांच्यावरून झिरपणारे पाणी खालच्या उताराची माती बदलते. शिवाय जिथे दोन्ही जाती शेजारी येतात तिथे त्यांचा संकरही होतो, आणि त्या संकराबद्दल खडक काहीच सांगू शकत नाही. थोडक्यात, खडक पाहून काय अपेक्षित आहे एवढेच कळते. अपेक्षेलाच ओळख मानले की नोंदी त्या नियमाला दुजोरा देत राहतात आणि नियम त्या नोंदींना.

घशातील हिरवे ठिपके ही खूण खडकापेक्षा बरी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. अकौलिसच्या नळीच्या आत बहुधा ठळक, मळकट हिरव्या रेषा व ठिपके असतात, आणि क्लुसीत ते बहुधा नसतात. मात्र हा ‘बहुधा’ दोन्हीकडे आहे : क्लुसीच्या काही फुलांत पुसट हिरवट रेषा दिसतात, तर अकौलिसच्या काही फुलांत त्या जेमतेम असतात. अँगस्टिफोलियाच्या घशातही हिरवे ठिपके असतात, म्हणजे चुनखडकावरची एक जात या कसोटीने अकौलिस ठरते आणि ठोकताळ्याच्या दोन कलमांचेच आपसात भांडण लागते. दुसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. आभाळ भरून आले किंवा गारठा वाढला की ही फुले पीळ घालून मिटतात, आणि मग घसा पाहायचाच राहतो.

रंगछटा आणि देठ यांवर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. निळा रंग एकाच वाफ्यात झाडागणिक बदलतो, क्वचित पांढरी फुलेही येतात, आणि गडद निळ्याचे कॅमेरा काय करतो हे फोटो काढणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. देठाचे म्हणाल तर फूल फळात रूपांतरित होताना तो वाढतो. तेच झाड महिन्याभराने मोजले तर वेगळी लांबी भरेल.

मग पाहायचे काय? निदलपुंज, म्हणजे फुलाच्या नळीला खालून वेढणारा हिरवा पेला आणि त्याचे पाच दाते. गुडघे टेकून, फूल न खुडता, बाजूने भिंगातून पाहिले तर फरक स्पष्ट असतो. क्लुसीचे दाते लांबट त्रिकोणी असून बुडाशीच सर्वांत रुंद असतात, टोकाकडे निमुळते होत जातात आणि नळीला चिकटून राहतात. दोन दात्यांमधली खाच टोकदार असते. अकौलिसचे दाते बुडाशी आवळलेले, मध्यावर रुंद आणि किंचित बाहेर कललेले असतात, आणि दोन दात्यांच्या मध्ये पांढरट, पातळ पडद्याची आडवी पट्टी दिसते. ही पट्टी फूल मिटलेले असतानाही दिसते, हा तिचा मोठा फायदा. जोडीला पाने पाहावीत : क्लुसीची ताठ, चामड्यासारखी आणि अणकुचीदार, अकौलिसची त्या मानाने मऊ व रुंद. पाने रुंदीच्या कित्येक पट लांब असतील आणि जागा नैऋत्य आल्प्समधली असेल, तर या दोघींना बाजूला ठेवून अँगस्टिफोलियाचा विचार करावा.

यावरून फोटोच्या मुद्द्याचेही उत्तर मिळते. वरून काढलेल्या फोटोत पाकळ्यांचा निळा चेहरा येतो आणि निदलपुंज नेमका त्याच्या आड जातो. निदान एक फोटो जमिनीलगत बाजूने, दोन दात्यांमधल्या खाचेवर फोकस ठेवून, आणि एक पानांच्या झुबक्याचा घ्यावा. जुनी पुस्तके व वाळवलेल्या नमुन्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या हाताळतानाही हेच भान हवे, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलेले अकौलिस हे नाव पुढे दीर्घकाळ या सगळ्या गटासाठी ढोबळपणे वापरले गेले. बागांसाठी याच नावाने विकली जाणारी रोपे पुष्कळदा संकरित असतात, त्यामुळे त्यांच्याशी तुलना करून रानातले झाड ओळखू नये. आणि हाती फक्त वरून काढलेला फोटो असेल, तर नोंदीत ‘जेन्शियाना, अकौलिस गट’ एवढेच लिहून जातीचा रकाना रिकामा सोडावा.