चाळ घ्या, रंगवा, विका

बेळगावच्या शहापुरात किंवा वडगावात जुनी चाळ स्वस्तात निघालीय म्हणून एजंटाचा फोन आला, तर विचार करत बसू नका. विचार करणारे अजून भाड्यानंच राहतात. बघायला मात्र एप्रिलातच जा. जुलैत बेळगावचा पाऊस चाळीची सगळी कुलंगडी बाहेर काढतो, मग घेण्याचा उत्साह राहत नाही.

कागदपत्रांत डोकं घालू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे जुने कागद मराठीत, एखाद-दुसरा मोडीत. पुढचे सगळे कन्नडमध्ये. मोडी तुम्हाला येत नाही, कन्नड तुम्ही हट्टानं शिकला नाहीत. पुण्याहून एखादा विसरलेला वारस दावा घेऊन उगवलाच, तरी घाबरू नका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपण अजून जेवतोयच की.

आता दुरुस्ती. कौलं उतरवा. वाशाला बोट लावा, बोट आत जाईल. वाळवीनं वरची साल तेवढी तुमच्यासाठी ठेवलेली असते. गवंडी भिंतीचे पोपडे खरवडायला लागेल, एकाखाली एक हिरवा, निळा, पिवळा निघेल, आणि मग तो थापी खाली ठेवून म्हणेल, "मालक, ही भिंत न्हवंच. नुसता रंग हाय." प्लंबर "आयतु री", म्हणजे कन्नडमध्ये "झालं हो", म्हणाला की नळ दुरुस्त झाला असं समजू नका, प्लंबर निघाला एवढंच समजा.

हिशेब सिमेंटच्या पोत्यावर लिहून ठेवा. २४ महिन्यांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात धरून कर लागतो, नंतर विकलंत तर साडेबारा टक्के. खर्च वजा करायला सीए पक्की बिलं मागेल. त्याला पोतं दाखवा.

राहिले भाडोत्री. एजंट म्हणालाच होता, "हात जोडले की जातात ओ." जोडा. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा आहे, घर रिकामं करून घ्यायला कोर्टाला कारण पटवावं लागतं. "रंगवून विकायचंय" हे सांगून बघा.

सगळ्यात आतल्या खोलीत एक आजी असते. भाडं नव्वद रुपये. तिला कुंद्याचा डबा द्या, पैसे देऊ करा, तिच्याच डोक्यावरचं छप्पर आधी नीट करून द्या. ती कुंदा खाईल, छपराला नावं ठेवेल आणि एक तारखेला पदराची गाठ सोडून नव्वद रुपये मोजेल. पावती लिहून द्या. चष्मा लावून ती सही बघेल आणि खुंटीवरच्या तारेत पावती ओवेल. त्या तारेत तुमच्या आधीच्या चार मालकांच्या सह्या असतात.

"पुढल्या महिन्याला तुम्हीच हाय न्हवं?" असं ती विचारेल. गिऱ्हाईक बघायला येणार असेल तर हो म्हणा.