कॉईल शोधतोय काका!
पुण्याच्या वेशीवर आमची सोसायटी आहे आणि तिथे कॉर्पोरेशनचं पाणी "लवकरच येणार" आहे, बुकिंग केलं तेव्हापासून येतंय बिचारं. तोवर बोअरचं जड पाणी. साबण कितीही घासा, फेस नाही, नुसता पांढरट चिकट चोथा अंगाला बसतो, मग तो काढायला आणखी दोन तांबे, म्हणजे अंघोळ मळ काढायला करतोय की साबण काढायला तेच कळत नाही. तूरडाळ तर शिट्ट्यांवर शिट्ट्या खाऊनही दाण्याला दाणा वेगळी!

दोष कुणाचा? पावसाचा. जमिनीत मुरताना तो मातीतला कार्बन डायऑक्साइड उचलतो, जरासा आंबट होतो आणि आपला काळा कातळ कुरतडत खाली जातो. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम थेट आमच्या बादलीत. साबण मळ सोडून यांच्याच गळ्यात पडतो आणि चोथा होऊन बसतो.

पाणी तापवलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियमचं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, खाली उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. गिझरवाल्याने टाकी उघडली आणि खपल्याच खपल्या, अर्धी बादली भरली. बराच वेळ ठोकाठोकी चालली म्हणून विचारलं काय झालं, तर म्हणतो, "कॉईल शोधतोय काका!"

सल्ले मात्र फुकट. वरचे नाना म्हणाले तुरटी फिरवा. अहो तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेलं कॅल्शियम ढिम्म हलत नाही. मग रीतसर लॅबमध्ये टेस्ट केली, हार्डनेस, म्हणजे जडपणा, लिटरला 580 मिलिग्रॅम. भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं आहे. चेअरमन खुश, "बघा, पास झालो की!"

पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवायचा विषय मीटिंगला निघाला. त्यातलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक मणी, कॅल्शियम धरून ठेवतं, बदल्यात सोडियम सोडतं आणि भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं, एवढं मी सांगेपर्यंत खजिनदार उठलेच, "दुधात मिठाचा खडा ऐकला होता, तुम्ही पाण्यात मिठाची पोती ओतायला निघालात? तेही क्षार काढायला?" टाळ्या पडल्या. विषय पुढच्या मीटिंगला.

सध्या मी लिंबूसत्व घेऊन नळ घासतो. कार्बोनेटवर आम्ल पडलं की छान फसफसतं, आमच्या बाथरूममध्ये तेवढाच काय तो फेस.